चित्रातले कासव

मुलांची गोष्टींची पुस्तके चाळताना एक गोष्ट आम्हांला हटकून खटकते. सशाशी शर्यत लावणारे कासव आणि हंसांनी चोचीत धरलेल्या काठीला लोंबकळणारे कासव ही दोन्ही एकाच साच्यातून काढलेली असतात. घुमटासारखी पाठ, तिच्यावर पिवळ्या चांदण्या आणि शेजारी तळे! ही पाठ स्टार कासवाची. ते कोरड्या, काटेरी झुडपांच्या प्रदेशात राहते, गवत-पाला खाते आणि खोल पाण्यात पडले तर बुडते. शर्यतीत ते शोभेल, तळ्यात नाही.

मराठीत जमिनीवरचे, नदीतले, समुद्रातले अशा सर्वांना 'कासव' हा एकच शब्द आहे. त्यात भाषेचा दोष नाही. पण शब्द एक असला की फरक दाखवण्याची जबाबदारी चित्रावर येते, आणि नेमके तेथेच चित्र फसते.

पंचतंत्रातील कंबुग्रीव तळे आटू लागले म्हणून हंसांची मदत मागतो. आपल्याकडील तळ्या-विहिरींत आढळणारे फ्लॅपशेल कासव काय करते? त्याची पाठ बरीच चपटी, कातडीने मढवलेली असते. पोटाकडच्या कवचाला मागे दोन झडपा असतात; पाय आत घेतले की त्या मिटतात. पाणी आटले की ते चिखलात स्वतःला गाडून घेते आणि पावसाची वाट पाहत पडून राहते. म्हणजे कंबुग्रीवाला हंसांची गरजच नव्हती! अर्थात, मग गोष्टही झाली नसती. विष्णुशर्म्याशी आमचे भांडण नाही. त्याला राजपुत्रांना तोंड आवरायला शिकवायचे होते. भांडण आहे ते चित्रकारांशी, आणि तात्पर्य विचारून पुस्तक मिटणाऱ्या आम्हां शिकवणाऱ्यांशी.

ही कुरकूर क्षुल्लक वाटेल. पण चिंचवडमधील एका शाळेत आम्ही प्लॅस्टिकच्या टबात दोन कासवे पाहिली. एक स्टार, दुसरे डोळ्यांमागे लाल पट्टा असलेले, मत्स्यालयाच्या दुकानात मिळते ते. दोन्ही घोटाभर पाण्यात, दोघांना माशांचे खाद्य. स्टार कासव मलूल झाले, तेव्हा दोघांनाही पवनेत सोडायचे मुलांनी ठरवले होते. हेतू दयेचा होता. पण एक बुडाले असते, आणि दुसरे जगले असते, हीच अडचण!

लाल पट्ट्याचे कासव मूळचे अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. रुपयाएवढे असताना विकले जाते, ताटलीएवढे होते आणि कित्येक वर्षे जगते. कंटाळलेले मालक ते तळ्यात सोडतात. जगातील सर्वांत उपद्रवी अशा 100 परक्या जातींच्या यादीत ते आहे. युरोपीय संघाने 1997 मध्ये त्याची आयात थांबवली. अमेरिकेत तर चार इंचांहून लहान कासवे पाळण्यासाठी विकण्यावर 1975 पासून बंदी आहे, कारण त्यांच्यापासून मुलांना साल्मोनेलाची बाधा होत असे. (कासव हाताळल्यावर साबणाने हात धुणे ही प्रयोगशाळेचीच शिस्त समजावी.)

स्टार कासव पाळणे हा तर 1972 च्या वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा. चोरट्या व्यापारामुळे 2019 मध्ये या जातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. त्याआधी 2018 मध्ये सिंगापूरहून 51 स्टार कासवे कर्नाटकात परत आणावी लागली होती.

'निसर्गात सोडले' म्हणताना कोणत्या निसर्गात, हे विचारायला हवे. अमेरिकेतील बॉक्स कासव पोटाकडच्या बिजागरीमुळे स्वतःला डबीसारखे बंद करून घेते. मेरिलँडमधील पॅटक्सेंट येथे ल्युसिल स्टिकेल यांनी 1944 पासून अशा कासवांवर खुणा करून ती पुन्हा पुन्हा शोधली. बहुतेक कासवे वर्षानुवर्षे जंगलाच्या त्याच लहानशा तुकड्यात सापडत राहिली. उचलून दुसरीकडे ठेवलेले कासव मोकळे होत नाही, बेघर होते.

शाळेने वनविभागाला कळवले. स्टार कासव त्यांनी नेले. दुसरे शाळेतच आहे, मोठ्या टाकीत, उन्हात बसायला एक वीट ठेवून. मग वर्गात कंबुग्रीवाचे चित्र पुन्हा काढायला सांगितले. सातवीतल्या एका मुलीने चिखलात रुतलेले चपटे कासव काढले, वर दोन हंस काठी घेऊन घिरट्या घालत होते. आता गोष्ट पुढे कशी न्यायची, असे ती बाईंना विचारत होती.