समूहनाद आणि त्याची प्रतिकृती : कोरस पेडलांच्या संयोगाचा विचार

‘नादाची समृद्धी’ हा शब्दप्रयोग संगीतविषयक लेखनात वारंवार आढळतो. परंतु ही समृद्धी नेमकी कशातून निर्माण होते, याची चिकित्सा क्वचितच केली जाते. विद्युत गिटारच्या वादनात एकाऐवजी दोन किंवा तीन कोरस पेडल जोडून स्टिरिओ नाद अधिक भरदार करण्याची जी पद्धत रूढ आहे, तिच्या बाबतीतही हेच घडते. चर्चा उपकरणांच्या नावांपाशी आणि वादकाच्या आवडीनिवडीपाशी थांबते. वस्तुतः येथे उपस्थित होणारा प्रश्न समीक्षेचा आहे. प्रतींची संख्या वाढली म्हणजे समृद्धी वाढते काय? आणि वाढत असेल, तर कोणत्या अटीवर? कोरस म्हणजे समूहगान. ज्या उपकरणाने समूहाचे नाव धारण केले, त्याची परीक्षा जिवंत समूहाच्या कसोटीवरच झाली पाहिजे.

मराठी अभ्यासकाला या कसोटीसाठी दूर जावे लागत नाही. धाराशिव जिल्ह्यातील (२०२३ पर्यंत या जिल्ह्याचे अधिकृत नाव उस्मानाबाद होते) तुळजापूर हे तुळजाभवानीचे क्षेत्र, आणि गोंधळ हे तिच्या उपासनेचे विधिनाट्य. गोंधळात मुख्य गोंधळी आख्यान लावतो. संबळ, तुणतुणे आणि झांज यांची साथ असते. आणि साथीदार झील धरतात. झील धरणारे मुख्य गायकाचीच चाल गातात, परंतु ती त्याच क्षणी, त्याच स्वरबिंदूवर आणि त्याच श्वासाने गात नाहीत. एकाचा स्वर किंचित चढा, दुसऱ्याचा किंचित उतरता. एकाचा ‘आ’कार मोकळा, दुसऱ्याचा दबलेला. एक साथीदार डाव्या बाजूला, दुसरा उजव्या बाजूला असल्याने श्रोत्याच्या दोन्ही कानांवर हा भेद निरनिराळ्या प्रमाणात पोचतो. याच जिल्ह्यातील तेर हे गोरोबाकाकांचे गाव. वारकरी भजनात टाळकऱ्यांच्या दोन रांगा उभ्या राहतात, तेव्हाही चाल एकच असून नाद मात्र दोन दिशांनी येतो. ऐकणाऱ्याला अनेकत्व जाणवते, पण एकत्व भंग पावत नाही. समूहनादाचे मर्म या दुहेरी अनुभवात आहे.

या अनुभवाचे भौतिक कारण साधे आहे. २२० आणि २२१ हर्ट्झचे दोन स्वर एकत्र वाजले, तर सेकंदाला एकदा नाद फुगतो आणि ओसरतो. तंबोऱ्याच्या जोडीच्या दोन तारा एकाच षड्जावर लावलेल्या असतात. त्यांच्यातील अत्यल्प फरकानेही तंबोऱ्याचा नाद हालता राहतो. मैफलीत गायकाच्या मागे दोन बाजूंना दोन तंबोरे ठेवण्याच्या प्रघातामुळे ही हालचाल अवकाशात पसरते. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हा फरक सदोष सुरांचा नसून स्वतंत्र स्रोतांचा असतो. दोन तारा, दोन कंठ, दोन श्वास हे एकमेकांच्या आज्ञेत नसतात.

कोरसचे उपकरण हा फरक कृत्रिम रीतीने निर्माण करते. गिटारच्या ध्वनीची एक प्रत काढून ती काही मिलिसेकंद मागे ठेवली जाते, आणि हा विलंब मंद गतीने कमीजास्त केला जातो. विलंब घटत असताना प्रतीचा स्वर चढतो, वाढत असताना उतरतो. जवळ येणाऱ्या आणि दूर जाणाऱ्या आगगाडीच्या शिट्टीत जो फरक पडतो, त्याच जातीचा हा फरक आहे. समजा, विलंब १२ मिलिसेकंदांच्या आसपास २ मिलिसेकंदांनी मागेपुढे होत आहे आणि एक फेरा दोन सेकंदांत पुरा होत आहे. तर स्वरातील कमाल विचलन सुमारे ०.६ टक्के येते, म्हणजे हार्मोनियमच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधील अंतराच्या सुमारे नवव्या हिश्शाइतके. विलंबाचे हे कार्य लहान विद्युतमंडलात शक्य झाले ते १९६९ मध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेत सँगस्टर आणि टीअर यांनी मांडलेल्या योजनेमुळे. आग विझवताना माणसे रांगेत उभी राहून हातोहात बादल्या पुढे देतात, तसा या योजनेत विद्युतभार एका कप्प्यातून पुढच्या कप्प्यात सरकत जातो. रोलँडचा १९७५ चा ‘जॅझ कोरस’ ॲम्प्लिफायर आणि बॉसचे १९७६ चे ‘सीई-१’ हे पेडल याच तत्त्वावर उभे आहेत. ‘जॅझ कोरस’मध्ये मूळ ध्वनी एका कर्ण्यातून आणि विचलित प्रत दुसऱ्या कर्ण्यातून बाहेर पडते. दोहोंचे मिश्रण तारेत न होता खोलीच्या हवेत होते, आणि म्हणूनच त्याला रुंदी लाभते.

तथापि एकट्या पेडलाला दोन मर्यादा आहेत. पहिली मर्यादा नियमिततेची. विलंबाचा झोका ठरलेल्या काळाने परत येतो. काही क्षणांतच कानाला त्याचा ठेका कळतो आणि समूहाऐवजी हेलकावा ऐकू येऊ लागतो. दुसरी मर्यादा दिशेची. हेल्मुट हास यांनी १९४९ च्या प्रबंधात दाखविले की, काही मिलिसेकंदांच्या अंतराने आलेल्या दोन सारख्या ध्वनींपैकी आधी आलेल्याच्या बाजूला कान नादाचे स्थान मानतो. म्हणून मूळ ध्वनी डावीकडे आणि प्रत उजवीकडे ठेवल्यास, दोन्हींचे बळ समान असूनही नाद डावीकडे कलतो. दुसरे पेडल जोडण्याची आवश्यकता खऱ्या अर्थाने येथे उत्पन्न होते.

परंतु जोडणीचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची फळे भिन्न आहेत. पहिला प्रकार एकामागून एक जोडण्याचा. पहिल्या पेडलातून मूळ ध्वनी व एक प्रत निघते. दुसरे पेडल या दोहोंचीही प्रत काढते. अशा रीतीने दोन पेडलांतून चार आणि तिनांतून आठ ध्वनी तयार होतात. हिशेब आकर्षक आहे, पण फसवा आहे. आठ ध्वनींच्या मागे झोके केवळ तीन आहेत; उरलेल्या प्रती त्या तिनांच्याच बेरजा होत. शिवाय विलंबांची बेरीज होत गेल्याने गिटारच्या आघाताची धार बोथट होते, आणि जुन्या धर्तीच्या मंडलांत प्रत्येक टप्प्यावर उच्च स्वरांश गाळले जात असल्यामुळे नाद मंदावतो. आवाज आठ आणि मर्जी तिघांची, अशी ही स्थिती आहे. तिला समृद्धी म्हणण्यापेक्षा गर्दी म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

दुसरा प्रकार समांतर जोडणीचा. मूळ ध्वनी मध्यभागी शुद्ध ठेवावा, त्याच्या दोन शाखा काढाव्यात, आणि केवळ विचलित प्रत देणारे एक पेडल डावीकडे व दुसरे उजवीकडे लावावे. येथे ध्वनी तीनच असतात, पण कोणीही कोणाची बेरीज नसते. मात्र दोन्ही पेडले एकाच गतीने आणि एकाच दिशेने डोलू लागली, तर दोन्ही कानांना एकच प्रत मिळते आणि दुसऱ्या पेडलाचे अस्तित्व निरर्थक होते. एक चढत असताना दुसरे उतरत असेल, तर स्वराचा मध्य स्थिर राहून रुंदी तेवढी वाढते. १९७९ च्या रोलँड ‘डायमेन्शन डी’ या यंत्राने हेच साधले. त्याचा परिणाम चालू असताना फारसा जाणवत नाही, बंद केल्यावर मात्र नाद आखडल्यासारखा वाटतो, अशी त्याची ख्याती आहे. आणि समूहनादाच्या दृष्टीने ही ख्याती प्रशंसेची आहे.

गती निरनिराळ्या ठेवणेही उपयुक्त ठरते. ०.५ आणि १ हर्ट्झ या गतींचा संयोग दर दोन सेकंदांनी पुनरावृत्त होतो; ०.५ आणि ०.७ हर्ट्झचा संयोग दहा सेकंदांनी. गुणोत्तर जितके कमी सुटसुटीत, तितका कानाला ठेका सापडणे कठीण. खोली मात्र अल्पच असावी. स्टिरिओ नाद एकाच कर्ण्यावर ऐकून तपासणेही आवश्यक आहे, कारण काही उपकरणांत उजवीकडील प्रत डावीकडील प्रतीच्या उलट कलेची असते. दोन्ही बाजू एकत्र करताच त्या परस्परांना नाहीशा करतात आणि कोरसच लोप पावतो.

एवढे सारे जुळवूनही एक भेद उरतो, आणि तो मूलभूत आहे. गिटारच्या तारेवरील आघात एकदाच होतो. सर्व प्रती त्या एकाच आघाताच्या असतात. वादकाची चूक, संकोच आणि आवेशही जसाच्या तसा प्रत्येक प्रतीत उतरतो. झील धरणाऱ्याचे तसे नाही. मुख्य गोंधळ्याचा दम तुटू लागला की तो ओळ उचलतो, लय ढासळली की सावरतो, आणि आख्यान रंगले की आवाज चढवितो. तो ऐकतो, आणि ऐकल्यामुळे बदलतो. पेडल केवळ बदलते. ते ऐकत नाही.

हा भेद केवळ सौंदर्यशास्त्रीय नाही. मुंबईच्या चित्रपटसंगीतात सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांसारख्या गोमंतकीय संगीतकारांनी ज्या व्हायोलिनसमूहांसाठी रचना केल्या, त्यांचा भरदारपणा अनेक वादकांच्या अनेक हातांतून आला होता. १९८२ च्या ‘जुनो-६०’ या वाद्याने प्रत्येक स्वराला एकच स्वरजनक देऊन, त्याचा कृश नाद अंगभूत स्टिरिओ कोरसने भरून काढला. १९९० च्या दशकात मोठ्या वादकसमूहांची ती पद्धत मावळली. त्यास कारणे अनेक होती. तथापि एकाच्या आवाजाला अनेकांचे रूप देणारी साधने हाताशी असणे, हे त्यांपैकी एक कारण होते यात संशय नाही.

गोंधळाच्या ध्वनिमुद्रणापुढे आज हाच मोह उभा आहे. एका गायकाचा आवाज घेऊन त्याला कोरस लावला की झील तयार झाल्याचा भास होतो, आणि दोन-तीन साथीदारांचे मानधन वाचते. परंतु झील ही गोंधळाची केवळ शोभा नसून त्याची शाळाही आहे. साथीला उभे राहून, ओळ उचलीत उचलीतच नवा गोंधळी आख्यान आत्मसात करतो. झीलच यंत्राकडे गेली, तर पुढचा मुख्य गायक कोठे घडावा, हा प्रश्न ध्वनिमुद्रण करणाऱ्याने स्वतःला विचारला पाहिजे. निदान संशोधनासाठी केलेल्या मुद्रणात तरी प्रत्येक साथीदाराला स्वतंत्र मायक्रोफोन द्यावा, त्याचे उभे राहण्याचे स्थान स्टिरिओ चित्रात कायम राखावे, आणि स्वरांतील सूक्ष्म अंतरे ‘दुरुस्त’ करू नयेत.

याचा अर्थ कोरस पेडल त्याज्य आहे असा नव्हे. एकट्या गिटारला अवकाश देणारे साधन म्हणून त्याचे मूल्य निर्विवाद आहे, आणि अनेक पेडलांचा विवेकपूर्ण संयोग ते मूल्य वाढवितो. मात्र त्याचे मोजमाप पेडलांच्या संख्येने न करता त्यांच्या परस्परस्वातंत्र्याने केले पाहिजे. या मोजपट्टीवर समांतर जोडलेली दोन पेडले ओळीने जोडलेल्या तिनांपेक्षा सरस ठरतात. आणि झील धरणारे दोन साथीदार कोणत्याही संख्येच्या पेडलांपेक्षा.