डिक्लेरेटिव्ह पद्धतीचे प्रारंभिक पाठ : एक परीक्षण

मोबाईल ॲपचे दर्शनी अंग घडविण्याची डिक्लेरेटिव्ह पद्धती आता सर्वत्र रूढ झाली आहे. रिॲक्ट २०१३ मध्ये खुले झाले. त्यामागून रिॲक्ट नेटिव्ह (२०१५), फ्लटरची पहिली स्थिर आवृत्ती (२०१८), स्विफ्टयूआय (२०१९) व जेटपॅक कंपोज (२०२१) ही आली. पडद्यावर काय बदलावे हे पायरीपायरीने न सांगता अमुक अवस्थेत पडदा कसा दिसावा एवढेच सांगावयाचे, हे या पद्धतीचे सार. अर्थात अवस्था, म्हणजे स्टेट, हाच विषयाचा गाभा होय. आणि प्रारंभिक पाठांत बहुधा तिचीच उपेक्षा होते, असा आमचा आक्षेप आहे.

फ्लटरचा नवा प्रकल्प उघडताच बटणाने आकडा वाढविणारे ॲप आयते मिळते. उदाहरण सुबोध खरे. परंतु त्यात अवस्था एकच, ती बदलणारे बटण एकच. खरी अडचण तेथे उद्भवतच नाही. त्याऐवजी कंधारच्या विद्यार्थ्याने नांदेड जिल्ह्यातील १६ तालुक्यांची यादी व तीवर शोधाची चौकट, एवढेच ॲप लिहावयास घ्यावे. नवशिका मूळ यादी, टंकलेला शब्द आणि गाळलेली यादी ही तिन्ही अवस्था म्हणून साठवितो. मग शब्द पुसला तरी गाळलेली यादी तशीच राहते. वस्तुतः मूळ यादी अचल आहे, गाळलेली यादी केव्हाही काढता येते. अवस्था म्हणून उरतो तो केवळ शब्द. रिॲक्टच्या ‘थिंकिंग इन रिॲक्ट’ या प्रकरणात हीच निवड अशाच यादीच्या आधारे शिकविली आहे, आणि तेवढ्यापुरते ते इतरांहून सरस ठरते.

हा शब्द टिकवावयाचा कसा, हाही प्रश्नच. कंपोजमध्ये ‘रिमेंबर’ने धरलेले मूल्य पुनर्रेखाटनात टिकते, पण फोन आडवा केला की सामान्यतः नाहीसे होते, तेथे ‘रिमेंबरसेव्हेबल’ योजावे लागते.

आणखी एक गोष्ट इंग्रजी नावांवर बेतलेल्या पाठांत दिसणे शक्यच नाही. ‘कंधार’ या शब्दाची लांबी स्विफ्टमध्ये ३ भरते, तर डार्टमध्ये ५. कारण डार्ट अनुस्वार व काना निराळे मोजते. जागेअभावी पहिली तीन एकके घेतली, तर गावाचे नाव ‘कंध’ होऊन बसते! डार्टचे ‘कॅरॅक्टर्स’ हे पॅकेज वापरल्यास अक्षरे डोळ्यांस दिसतात तशी मोजली जातात.