शिवणयंत्राची मोटर आणि आईचं विस्मरण
(सार्वजनिक व्याख्यानाचे शब्दांकन)

मागे बसलेल्यांना आवाज येतोय ना? ठीक.

आजचा विषय मी आयोजकांकडून मागून घेतला. त्याचं कारण घरातलं आहे. माझी आई तीसेक वर्षं शिवणकाम करायची. आधी पायमशीन होतं. १९८६ च्या सुमारास माझ्या धाकट्या भावाला नोकरी लागली आणि पहिल्या पगारातून त्याने आईच्या मशीनला मोटर बसवून दिली. तिचे गुडघे दुखायचे म्हणून. सत्तरी ओलांडल्यावर आई विसरायला लागली. आधी बटणांचा डबा, मग ब्लाउजची मापं, मग आमची नावं. डॉक्टरांनी अल्झायमर सांगितलं. ती गेल्यानंतर वर्षभराने भावाच्या वाचनात आलं, की शिवणयंत्राच्या मोटरमुळे अल्झायमर होतो, असं संशोधन आहे. त्याने मला फोन केला आणि एवढंच विचारलं, "दादा, मी केलं का हे?"

मी डॉक्टर नाही. आयुष्यभर सांख्यिकी शिकवली. त्यामुळे "छे रे, काहीतरीच" असं म्हणून फोन ठेवणं मला जमलं नाही. आणि बरं झालं. कारण असं संशोधन खरोखर आहे. ते कुणा भोंदूने केलेलं नाही. आज आपण ते नीट तपासणार आहोत.

सुरुवातीला एक गल्लत दूर करू. "रेडिएशन" हा एकच शब्द आपण मोटरलाही लावतो, विजेच्या तारांनाही आणि मोबाइलच्या टॉवरलाही. घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते. तिच्यामुळे मोटरभोवती, तारांभोवती जे चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ते मायक्रोटेस्ला या एककात मोजतात आणि लांब जाल तसं ते झपाट्याने कमी होतं. मोबाइलच्या लहरी सेकंदाला कोट्यवधी आवर्तनांच्या. दोघांचा शरीरावर होणारा परिणाम वेगवेगळ्या मार्गाने होतो. एकाचा पुरावा दुसऱ्याच्या खात्यावर जमा करता येत नाही. पण भीती पसरवणाऱ्या लेखांत नेमकं तेच होतं. शिवणयंत्राचा अभ्यास सांगायचा आणि निष्कर्ष टॉवरवर काढायचा.

आता भावाच्या प्रश्नाकडे. १९९५ मध्ये युजीन सोबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी तीन ठिकाणची माहिती एकत्र केली. दोन गट फिनलंडमधले, एक अमेरिकेतला कॅलिफोर्नियामधला. अल्झायमरचे ३८७ रुग्ण आणि तुलनेसाठी ४७५ इतर माणसं. आयुष्यात मुख्य काम कोणतं केलं, ते पाहिलं. चुंबकीय क्षेत्राशी जास्त संबंध येणारं काम रुग्णांपैकी शंभरात साधारण नऊ जणांनी केलेलं होतं, तुलनेच्या गटात शंभरात तीन-चार जणांनी. गुणोत्तर सुमारे तीन येतं. आणि या कामांत सगळ्यात जास्त कोण, तर शिवणकाम करणाऱ्या बायका आणि शिंपी. मशीनची मोटर दिवसभर अंगाजवळ असते, हे त्यांचं म्हणणं. पुढच्याच वर्षी त्याच मंडळींनी कॅलिफोर्नियातल्या आणखी रुग्णांवर तसाच अभ्यास केला आणि गुणोत्तर चारच्या जवळ आलं.

हे ऐकून भाऊ घाबरला, यात नवल नाही. मीही दचकलो.

पण तिप्पट हा आकडा किती घट्ट आहे? या अभ्यासात गुणोत्तर ३ आलं, तरी खरी किंमत १.६ ते ५.४ यांच्या मध्ये कुठेही असू शकते. इतका पसारा का? कारण "उघड्यावर असलेली" माणसं मोजकीच होती. पाऊणशे-शंभर नव्हे, दोन्ही गट मिळून पन्नासेक. अशा ठिकाणी चार-सहा शिंपी इकडचे तिकडे झाले तरी आकडा हलतो.

दुसरं, तुलना कुणाशी? फिनलंडच्या एका गटात तुलनेसाठी घेतलेली माणसं म्हणजे रक्तवाहिन्यांच्या दोषामुळे स्मृतिभ्रंश झालेले रुग्ण. दुसऱ्या गटात रुग्णालयात दाखल झालेले इतर रुग्ण. अमेरिकेच्या गटात मेंदूचा आजार नसलेली माणसं. आता मला सांगा, शिवणकाम करणाऱ्या बायका या तिन्ही तुलना-गटांत समाजातल्या प्रमाणातच येतील, याची खात्री कोण देणार?

तिसरं, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की शिवणकाम म्हणजे नुसती मोटर नव्हे. शिक्षण थांबलेलं असतं म्हणून मुली शिवण शिकतात. आठ-दहा तास बैठक असते. कारखान्यात शिवत असाल तर कानठळ्या बसवणारा खडखडाट असतो. डोळ्यांवर ताण, हालचाल नाही. शिक्षणासारखी एखादी गोष्ट गणितात वेगळी काढता येते. पण एका धंद्यात गुंफलेल्या दहा गोष्टींपैकी मोटरच दोषी, हे धंद्याच्या नावावरून कसं ठरवणार? त्या बायकांच्या अंगाशी प्रत्येकी किती क्षेत्र होतं, हे कुणी वर्षानुवर्षं मोजलेलं नव्हतं. धंद्याचं नाव हेच मोजमाप धरलं होतं.

हा दोष सोबेलांचा नाही. पहिला अभ्यास असाच असतो, तो प्रश्न उभा करतो. आपली चूक ही, की आपण त्याला निकाल समजतो.

मग पुढची पायरी काय? समजा मोटरचं क्षेत्रच दोषी आहे. तर मग वीजकेंद्रांत, उपकेंद्रांत आयुष्य घालवलेल्या कामगारांत अल्झायमर जास्त दिसायला हवा, कारण त्यांचाही या क्षेत्रांशी संबंध येतो आणि त्यांचं काम शिंप्याहून अगदी निराळं. ब्रिटनमध्ये वीजनिर्मिती आणि पारेषणातल्या सुमारे ८४ हजार कर्मचाऱ्यांचा १९७३ ते २००४ असा मागोवा घेतला गेला. क्षेत्राशी संबंध जितका जास्त तितके अल्झायमरचे मृत्यू जास्त, असं तिथे दिसलं नाही.

"पण तारांखाली राहणाऱ्यांचं काय?" हा प्रश्न येणारच. स्वित्झर्लंडमधला २००९ चा अभ्यास आहे. ४७ लाख लोकांची माहिती. उच्चदाबाच्या वाहिनीपासून ५० मीटरच्या आत १५ वर्षं किंवा जास्त राहिलेल्यांत अल्झायमरने होणारे मृत्यू दुप्पट दिसले. वर्षं वाढली तसा आकडाही वाढत गेला. ही गोष्ट दुर्लक्ष करण्यासारखी नाही. वाढत्या डोसाबरोबर वाढता परिणाम, असं दिसलं की आम्ही सांख्यिकीवाले कान टवकारतो. मात्र ५० मीटरच्या आत राहून अल्झायमरने वारलेल्यांची एकूण संख्या वीसच्या आसपास होती. ४७ लाखांत वीस. शिवाय आधार मृत्यूच्या दाखल्याचा. आता आपल्याकडेच बघा, स्मृतिभ्रंश झालेला माणूस न्यूमोनियाने गेला तर दाखल्यावर काय लिहितात? जगभर हीच गत आहे.

चार वर्षांनी डेन्मार्कने तोच प्रश्न वेगळ्या पद्धतीने विचारला. त्यांनी मृत्यूचे दाखले बाजूला ठेवून रुग्णालयातलं निदान घेतलं. १९९४ ते २०१० चे रुग्ण. ५० मीटरच्या आत राहिलेल्यांचं गुणोत्तर आलं १.०४. म्हणजे फरक नाही. वर्षं वाढली म्हणून धोका वाढला, असंही दिसलं नाही. पंच्याहत्तरीच्या आत निदान झालेल्यांत आकडा थोडा वर होता, हेही सांगितलं पाहिजे. पण एकूण चित्र स्विस अभ्यासाला दुजोरा देणारं नाही.

आता मोबाइल. इथे मला तुमची परीक्षा घ्यायची आहे. डेन्मार्कमध्येच ४ लाख २० हजार मोबाइलधारकांचा मागोवा घेतला गेला. हे १९९५ पर्यंत ज्यांनी फोन घेतला, ते लोक. २००९ मध्ये त्यांच्या मेंदूच्या आजारांचा अहवाल आला. मोबाइल वापरणाऱ्यांत अल्झायमर आणि इतर स्मृतिभ्रंश किती? तीस ते चाळीस टक्के कमी!

आता कुणी म्हणेल का, की उद्यापासून आजोबांच्या उशाशी दोन फोन ठेवा? (हशा) नाही म्हणणार. तुम्ही लगेच म्हणाल, अहो, ज्याला विसरायला होतंय तो नवीन फोन कशाला घेईल? आणि त्या काळात मोबाइल घेणारे पैसेवाले, धडधाकट, कामाधंद्यातले लोक. अगदी बरोबर. त्या संशोधकांनीही हेच कारण पुढे केलं. रोगाची चाहूल आधी, फोन न घेणं नंतर.

हे तुम्ही किती पटकन ओळखलंत बघा. मात्र हाच अभ्यास "चाळीस टक्के जास्त" असा आला असता, तर इतक्याच पटकन ओळखलं असतं का? माझी तक्रार इथे आहे. न पटणाऱ्या निकालाला आपण दहा प्रश्न विचारतो. भीतीला दुजोरा देणाऱ्या निकालाला एकही विचारत नाही. भीतीच्या आकड्यालाही तीच चाळण लावली पाहिजे. सोबेलांच्या तिप्पटीला मी मघाशी जे प्रश्न विचारले, ते तुम्ही आत्ता विचारलेल्याच जातीचे आहेत.

प्रयोगशाळेत काय दिसतं? १९९६ मध्ये सोबेल आणि दावानिपूर यांनी एक कल्पना मांडली, की क्षेत्रामुळे पेशींतल्या कॅल्शियमचा तोल बिघडत असेल आणि त्यातून अमायलॉइड बीटा हे प्रथिन वाढत असेल. कल्पना सुसंगत आहे. पण २०१० मध्ये फ्लोरिडात अल्झायमरसदृश आजाराच्या उंदरांना काही महिने रोज मोबाइलच्या लहरींमध्ये ठेवलं, तर त्यांची स्मरणशक्ती सुधारली, असा अहवाल आला. लहरी निराळ्या आहेत, आणि तेही उंदीरच. त्यावरून फोन औषध ठरत नाही. सांगायचं एवढंच, की ज्याला जे हवं ते सिद्ध करणारा एक तरी उंदीर सापडतो.

मग शेवटी शिल्लक काय राहतं? मी सगळं धुऊन टाकत नाहीये. कामाच्या ठिकाणच्या चुंबकीय क्षेत्रांवरचे वीसेक अभ्यास २०१८ मध्ये एकत्र केले, तेव्हा सरासरी गुणोत्तर १.६३ आलं. हे शून्य नाही. पण अभ्यासांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत, आणि काहीच न सापडलेले अभ्यास छापले जाण्याची शक्यता कमी असते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये हा पुरावा अपुरा ठरवला. अपुरा म्हणजे निर्दोष असा अर्थ नाही, आणि दोषी असाही नाही. वेल्डर, शिलाई कारखान्यातल्या बायका यांच्या अंगाशी प्रत्यक्ष मोजमाप करून अभ्यास व्हायला हवेत, हे माझं मत आहे. मोटर थोडी लांब बसवणं फुकटात होत असेल तर जरूर बसवा.

पण घाबरायचंच असेल तर हिशेबाने घाबरू. भारतात साठीच्या पुढे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. बायकांत जास्त, खेड्यांत जास्त. टॉवर तर शहरात दाट! लॅन्सेटच्या आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोग्या १४ गोष्टींची यादी दिली. अपुरं शिक्षण, कमी ऐकू येणं, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, डोक्याला मार, नैराश्य, एकाकीपण, प्रदूषित हवा, कमी दिसणं वगैरे. या सगळ्यांवर मात झाली तर जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकतील किंवा लांबतील, असा त्यांचा अंदाज. त्या यादीत चुंबकीय क्षेत्र नाही. सोसायटीत टॉवरविरुद्ध सह्यांची मोहीम होते. आजीला कानाचं यंत्र घ्यायचं म्हटलं की मात्र "या वयात कशाला" होतं.

आईचंच सांगतो. ती सातवीत शाळेतून काढली गेली. रक्तदाबाची गोळी ती एक दिवसाआड घ्यायची, पैसे वाचावेत म्हणून. शेवटची सात-आठ वर्षं तिला कमी ऐकू यायचं आणि आम्ही मुलं तिच्यावर ओरडून बोलायचो. मग बोलणंच कमी केलं. यातल्या कशाने काय झालं, हे एका माणसाच्या बाबतीत कुणीच सांगू शकत नाही. आकडे गर्दीबद्दल बोलतात.

भावाला मी दोन दिवसांनी फोन केला. म्हटलं, तू केलंस असा पुरावा नाही. आणि मोटर बसल्यावर तिचे गुडघे दुखायचे थांबले होते, ते मी या डोळ्यांनी पाहिलंय. तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "मशीन माळ्यावर टाकलंय. खाली काढतो. मुलीला शिकायचंय."

प्रश्न असतील तर घेऊ.