स्विंडनचा वारसा : काय घेतले, काय टाकले

ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेचा इतिहास लिहिताना स्विंडन या रेल्वेगावाचा दाखला हटकून दिला जातो. ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या कारखान्यातील कामगारांसाठी तेथे १८४७मध्ये मेडिकल फंड स्थापन झाला. पगारातून वर्गणी कापली जाई. त्या बदल्यात कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला डॉक्टर, औषधे, पुढे रुग्णालय आणि स्नानगृहेही मिळाली. ५ जुलै १९४८ रोजी देशव्यापी सेवा सुरू झाली आणि फंडाचे काम तिच्यात विलीन झाले. स्विंडनचा नमुनाच देशभर पसरला, असे त्यावरून सांगतात.

मला हे अर्धसत्य वाटते. फंडाचा कारभार सभासदांनी निवडलेली समिती पाहत असे. १९४८नंतर रुग्णालये मंत्र्याने नेमलेल्या प्रादेशिक मंडळाकडे, डॉक्टर कार्यकारी परिषदेकडे, तर सुईणी, घरी येणाऱ्या परिचारिका आणि लसीकरण विल्टशायर काउंटी कौन्सिलकडे गेले. एका हाती असलेली सेवा तीन कचेऱ्यांत विभागली गेली. त्यांपैकी पहिल्या दोन ठिकाणी रुग्णाच्या मताला काहीच जागा नव्हती.

म्हणून जुने तेवढे सोने असेही नाही. कारखान्याशी नाते नसलेल्या मोलकरणीला फंडाचा आधार नव्हता. नव्या सेवेने तिला विनामूल्य डॉक्टर दिला. हा लाभ मोठाच. पण वारसा म्हणताना दोन्ही बाजूंची नोंद हवी : उपचार सर्वांचे झाले, कारभार मात्र उपचार घेणाऱ्यांचा राहिला नाही.