सातारा सहा, शिरवळ पाच : वृत्तगणना आणि संगणकाची फलने

‘सातारा’ या शब्दाच्या मात्रा किती? सा, ता, रा तिन्ही गुरू, म्हणजे सहा. जावास्क्रिप्टला याच शब्दाची लांबी विचारली तर तीही सहा सांगते. ‘खंडाळा’चे तसेच, इकडे सहा, तिकडे सहा. ‘नीरा’ चार आणि चार. जिल्हा, तालुका आणि नदी अशी तीन नावे घालून पाहिल्यावर मला वाटले, मराठी कवितेच्या मात्रा मोजणारे यंत्र आयतेच सापडले. मग गावाचे नाव घातले. ‘शिरवळ’मधली चारही अक्षरे लघू, मात्रा चार. यंत्र म्हणाले, पाच.

कारण साधे आहे. युनिकोडमध्ये अक्षर नव्हे, चिन्ह मोजले जाते. श, वेलांटी, र, व, ळ अशी पाच चिन्हे. व्यंजनाला काना जोडला की दोन चिन्हे होतात आणि दीर्घ अक्षराच्या मात्राही दोनच. माझी पहिली तीन उत्तरे या योगायोगाने बरोबर आली होती. ऱ्हस्व वेलांटीलाही चिन्ह लागते, मात्रा मात्र वाढत नाही, हे मी विसरलो. हाच शब्द चिन्हांच्या क्रमाने उलटा केला तर ‘ळवरिश’ होतो. वेलांटी श सोडून र वर जाऊन बसते.

वेबसाठी प्रोग्रॅम लिहायला शिकवणारी बहुतेक पुस्तके सांगतात, की ओळ तुकड्यांत फोडा, प्रत्येक तुकड्याला एकच छोटे फलन लावा, मग सगळ्यांची गोळाबेरीज करा. याला फंक्शनल शैली म्हणतात. गणितात ‘फंक्शन’ला आपण फलन म्हणतो, तेच घातले की तेच बाहेर यावे, आणि वाटेत दुसऱ्या कशाला हात लागू नये, एवढीच अट. १९३० च्या दशकातील अलोन्झो चर्च यांच्या लॅम्डा कलनापासून ही कल्पना चालत आली. जावास्क्रिप्टच्या अधिकृत प्रमाणात मॅप, फिल्टर आणि रिड्यूस ही तिची हत्यारे २००९ मध्ये आली. सल्ला चांगला आहे. पण तो देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर रोमन लिपी असते, आणि तिथे तुकडा म्हणजे काय हा प्रश्न सहसा पडत नाही.

आपल्याकडे तोच पहिला प्रश्न आहे. ‘तुम्ही’ या शब्दात चिन्हे सहा, अक्षरे दोन. ब्राउझरांत आता सेगमेंटर नावाची सोय आहे, ती ओळीचे अक्षरगट पाडून देते. परंतु युनिकोडच्या सर्वसाधारण नियमात देवनागरी जोडाक्षर एकसंध धरण्याची तरतूद १५.१ या आवृत्तीत, म्हणजे २०२३ मध्ये आली. त्याआधीच्या नियमाने ‘तु’, ‘म्’, ‘ही’ असे तीन तुकडे पडत. म्हणून सोय आहे एवढ्यावर न थांबता ‘तुम्ही’ घालून पाहावे. पाय मोडलेले अंत्य व्यंजन सेगमेंटर वेगळा गट धरतो, वृत्तात ते वेगळे अक्षर नसते. तेवढे आपल्या हाताने जोडावे लागते. आणखी एक खोड ‘दुसऱ्या’ची. त्यातला ऱ स्वतंत्र चिन्हानेही लिहिता येतो आणि साध्या र ला हलन्त व अदृश्य जोडचिन्ह देऊनही. डोळ्याला दोन्ही सारखे, यंत्राला वेगळे. तुलना करण्यापूर्वी एकच रूप ठरवून घ्यावे.

अक्षरे हाती आली की माधवराव पटवर्धनांची, म्हणजे माधव जूलियन यांची आठवण होते. ‘छंदोरचना’ १९२७ साली निघाली, सुधारलेली आवृत्ती १९३७ ची. छंद, वृत्त आणि जाती ही त्रिविध विभागणी मी प्रोग्रॅमर म्हणून पुन्हा वाचली, तेव्हा लक्षात आले की यादी एकच असते, आटवण्याच्या तऱ्हा तीन. अक्षरे नुसती मोजली की छंद, लघूला एक व गुरूला दोन धरून बेरीज केली की जाती, लघुगुरूंचा क्रमच राखला की वृत्त. रिड्यूसचा यापेक्षा चांगला धडा मला इंग्रजी पुस्तकांत मिळाला नाही. ‘यमाताराजभानसलगा’ हे सूत्रही तसेच. तीन अक्षरांची खिडकी एकेक घर सरकवत न्यावी, दहा अक्षरांतून आठही गण निघतात. (कवितेचे गण पाडताना मात्र खिडकी तीन-तीन घरे उडी मारते, ही चूकही माझ्याकडून झाली.)

खरी अडचण लघुगुरू ठरवताना येते. एका अक्षराला एक फलन लावून ते ठरत नाही, कारण पुढे जोडाक्षर आले तर मागचे ऱ्हस्व अक्षर गुरू होते. म्हणून फलनाला अक्षर आणि त्याचा शेजारी अशी जोडी द्यावी लागते. इथवर संस्कृतचा नियम पुरतो. मराठीत आघात नसेल तर ते अक्षर लघूच राहते, हे शाळेच्या व्याकरणातही असते. ‘पुस्तक’मधला पु गुरू, ‘तुम्ही’मधला तु लघू. म्ह, न्ह, ल्ह, ऱ्य यांची यादी करून पुष्कळसे काम भागते, सगळे नाही. मी पाहिलेल्या वृत्त ओळखणाऱ्या प्रोग्रॅमांत संस्कृतचा नियम आत खिळवून टाकलेला असतो. मग निर्दोष मराठी ओळीवर वृत्तदोषाचा शिक्का बसतो. माझे मत असे, की गुरुत्व अक्षरात नसते, म्हणण्यात असते. तेव्हा नियम फलनाच्या पोटात न ठेवता त्याला बाहेरून द्यावा. फंक्शनल शैलीत फलनाला दुसरे फलन देता येते. तीच ओळ, एकदा संस्कृतचा नियम द्या, एकदा मराठीचा, एकदा गाणाऱ्याचा.

हा आग्रह कशापायी, ते सांगतो. आईच्या जात्यावरच्या ओव्या मी वहीतून संगणकावर उतरवल्या होत्या. अक्षरसंख्या जुळावी म्हणून माझ्या पहिल्या प्रोग्रॅमने ‘गं’, ‘बाई’, ‘माझ्या’ असे शब्द जादा ठरवून गाळले, आणि मूळ फाइलवरच नवा पाठ लिहून टाकला. शास्त्राप्रमाणे ते जादा होतेही. पण जात्याचा फेरा त्यांच्यावरच पुरा होतो. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांच्या प्रकल्पात अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमा आहेत. त्यांच्यावर कोणी असे यंत्र फिरवले तर काय होईल, या विचाराने त्या रात्री झोप आली नाही.

मिळालेली यादी बदलू नये, दरवेळी नवी करावी, हा फंक्शनल शैलीचा नियम मी तोवर नुसता पाठ केला होता. भांडारकर संस्थेच्या १९६६ मध्ये पुऱ्या झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत सिद्ध पाठ वर आणि पाठभेद खाली छापलेले असतात. संपादकाने निवड केली, पण बाजूला ठेवलेले पुसले नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ते एखादे पान उघडून पाहावे असे मला वाटते.

वही शाबूत होती, म्हणून ओव्या वाचल्या. नवा प्रोग्रॅम त्यांना हात लावत नाही. मूळ ओळ, अक्षरसंख्या, मात्रा आणि कोणता नियम लावला, एवढे चार रकाने वेगळ्या पानावर दाखवतो. तीन ओव्यांपुढे चौथा रकाना अजून कोरा आहे. त्या आईने कशा म्हटल्या होत्या ते मावशीला विचारायचे आहे.