निळा : डोळ्यातला आणि हातातला

रंगाला स्वतःचा असा अर्थ नसतो. अर्थ लावणारा माणूस समाजाच्या कुठल्या तरी पायरीवर उभा असतो आणि तिथून जे दिसते ते तो रंगावर लादतो. आपली प्रस्थापित समीक्षा मात्र निळा रंग दिसला की आकाश, सागर, अथांगता, घननीळ कृष्ण अशी ठरलेली यादी वाचून दाखवते. टोनी मॉरिसन या काळ्या अमेरिकन लेखिकेची 'द ब्ल्यूएस्ट आय' (१९७०) ही पहिलीच कादंबरी या यादीला निकालात काढते.

मी ती देवळाली प्रवरा येथे वाचली. उसाच्या पट्ट्यातले हे गाव. आमच्या वस्तीच्या तोंडाशी निळा झेंडा आहे. नावातला निळा पाहून मी आपलेपणाने पुस्तक उघडले. थोड्याच पानांत कळले, हा निळा आपला नव्हे.

कथा ओहायो राज्यातल्या लोरेन गावची, १९४०-४१ सालची. अकरा वर्षांची पिकोला काळी आहे, आणि कुरूप आहे असे तिला घर, शाळा, रस्ता सगळेच सांगतात. गोळ्या घ्यायला गेली तर गोरा दुकानदार तिच्याकडे बघतो, पण त्याला ती दिसत नाही. ती रोज रात्री देवाकडे निळे डोळे मागते. तिचा हिशेब साधा आहे : डोळे सुंदर झाले तर आईबाप त्या डोळ्यांदेखत भांडणार नाहीत, वाईट वागणार नाहीत. शर्ली टेंपल या गोऱ्या बालनटीचे चित्र असलेल्या कपातून ती दूध पीत राहते, ते तो चेहरा बघण्यासाठी. गोळीच्या कागदावर निळ्या डोळ्यांची मुलगी छापलेली असते. पिकोलाला गोळी खाणे म्हणजे ते डोळेच खाणे वाटते. निळा इथे भूक होऊन पोटात उतरतो. बाहेरच्यांनी केलेला तिरस्कार माणूस स्वतःच गिळू लागतो, ती क्रिया मॉरिसनने एका रंगातून दाखवली आहे.

शीर्षकातला तमभाव नीट वाचला पाहिजे. 'निळा' नव्हे, 'सर्वांत निळा'. बाप तिच्यावर बलात्कार करतो. मूल अपुऱ्या दिवसांचे जन्मते आणि मरते. त्याआधी एक भोंदू तिला मागितलेले डोळे मिळतील अशी खूण देतो, आणि ते मिळाले या भ्रमात तिचे मन ढळते. पण भ्रमातही तिला स्वस्थता नाही. कुणाचे डोळे माझ्यापेक्षा निळे तर नाहीत ना, ही धास्ती तिला सोडत नाही. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. तिचे मर्म हेच : प्रत्येक पायरीवरचा माणूस वर बघतो आणि खालच्याला लाथ मारतो. कादंबरीतली जेराल्डीन ही उजळ कातडीची, टापटिपीची बाई पिकोलाला घराबाहेर काढते. तिच्या घरातल्या काळ्या मांजराचे डोळेही निळे आहेत! आपल्या भाषेत घाऱ्या डोळ्यांचे आणि गोऱ्या नाकाडोळ्यांचे कौतुक कमी नाही. तेही असेच वरच्या पायरीवरून खाली झिरपलेले आहे.

याच्या समोर आपला निळा ठेवून पाहावा. पिकोला वेडी होते ते १९४१ साल. जुलै १९४२ मध्ये नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली, आणि तिच्या झेंड्याचा निळा पुढे रिपब्लिकन पक्षाने चालवला. एकाच सुमारास एक निळा डोळ्यात मागितला गेला आणि दुसरा हातात धरला गेला. पहिला एकटीचा, देवाकडून भिकेत हवा असलेला. दुसरा हजारांचा, कुणाकडे न मागितलेला. पहिला म्हणतो, मला बदला. दुसरा म्हणतो, बदलायचे ते तुम्ही.

इथेच लेख संपवता आला असता, आणि वाचक खूष झाले असते. पण तसे करणे म्हणजे कादंबरीशी अप्रामाणिकपणा. आपल्या गटागटांनी कुणाचा निळा अस्सल यावर किती वर्षे घालवली? तो तमभाव आपल्या झेंड्यातही शिरला आहेच. आणि घरात काय आहे?

एका १४ एप्रिलची गोष्ट. मिरवणूक निघायची होती, ऊन कडक होते. एक मुलगी झेंडा घेऊन पुढे उभी होती. आई आली आणि म्हणाली, "अगं, उन्हात नको उभी राहू, काळी पडशील. परवा पाहुणे बघायला यायचेत." मुलीने मुकाट्याने झेंडा भावाच्या हातात दिला आणि ती सावलीला गेली. मी शेजारीच होतो. बोललो नाही. कारण माझ्या भाच्याच्या स्थळासाठी 'मुलगी उजळ असावी' असा मजकूर मीच लिहून दिला होता.

या कादंबरीत विद्रोह नाही, केवळ पराभव आहे, असा आक्षेप आपल्यातले काही घेतील. मला तो पटत नाही. क्लॉडिया ही काळी मुलगी भेट मिळालेली निळ्या डोळ्यांची बाहुली मोडून आत बघते : सगळे जिच्यावर भाळतात ते हिच्यात आहे तरी काय? हा विद्रोहच आहे. आणि मोठेपणी आपणही त्या गोऱ्या नटीवर प्रेम करायला शिकलो, हेही ती कबूल करते. ही कबुली मला घोषणेपेक्षा मोठी वाटते. पिकोलाचे मूल जगावे म्हणून क्लॉडियाने आणि तिच्या बहिणीने पेरलेले झेंडूचे बी उगवत नाही. प्रथम त्या एकमेकींना दोष देतात. शेवटी क्लॉडियाला समजते की दोष बियात नव्हता, मातीत होता.

आपली माती कोण तपासणार? मागल्या दसऱ्याला, धम्मचक्र प्रवर्तनाच्या दिवशी, ती मुलगी पुन्हा दिसली. लग्न ठरलेले नव्हते. मी तिला 'तुझा रंग चांगला आहे' असे म्हणणार होतो. मग लक्षात आले, मी पुन्हा रंगाचाच निकाल देतो आहे. मी तिला विचारले, "यंदा झेंडा कोण धरणार?"