वडापावचा इतिहास २००१ साली सुरू होत नाही

नागझिऱ्याच्या चोरखमारा गेटमधून सकाळची सफारी करून परतताना आम्ही तिरोड्यात एका गाडीवर थांबलो. गरम आलुबोंडा, वर तर्री, बाजूला तळलेली मिरची. सोबतचा पुण्याचा मित्र म्हणाला, "हा तर पाव नसलेला वडापाव. कुणीतरी याची चेन काढायला पाहिजे."

चेन निघाल्यावर काय होतं, हे वडापावच्या बाबतीत आपण पाहिलंय. २३ ऑगस्ट २००१ रोजी धीरज गुप्तांनी मालाड स्टेशनबाहेर पहिलं दुकान उघडलं. आधी नाव होतं 'चाट फॅक्टरी', नंतर झालं 'जम्बोकिंग'. २००४ साली वेंकटेश अय्यर यांनी कल्याणमध्ये 'गोली वडापाव' सुरू केलं. गोलीचे वडे कारखान्यात तयार होऊन, गोठवून दुकानात येऊ लागले. दुकानात फक्त तळायचे. करणारा माणूस सोडून गेला तरी चव तीच.

सॉफ्टवेअरवाला म्हणून मला हे मनापासून आवडतं. माणूस बदलला तरी सिस्टिम चालली पाहिजे, हेच तर आम्ही दिवसभर करतो. स्वच्छता, ठरलेला दर, फ्रँचायझी घेऊन छोट्या गुंतवणूकदाराने मालक होणं, हेही खरं काम आहे. त्याला नावं ठेवायची नाहीत.

खटकते ती गोष्ट सांगायची पद्धत. बिझनेसच्या लेखांत ही कथा नेहमी 'असंघटित' बाजारापासून सुरू होते, म्हणजे आधी नुसता गोंधळ होता आणि मग ब्रँड आला. पण वडापाव १९६६च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर जन्मला, असं मानलं जातं. १९८२च्या गिरणी संपानंतर काम गेलेल्या काही कामगारांनीही वडापावच्या गाड्या टाकल्या. पहाटे बेकरीतून पाव येणं, लोकलच्या गर्दीच्या वेळी घाणा तयार असणं, मिनिटभरात गिऱ्हाईक मोकळं करणं, हे संघटन नाही तर काय? फक्त त्याचं प्रेझेंटेशन कुणी बनवलं नव्हतं.

आमच्या भाषेत वडापाव हा ओपन सोर्स होता. रेसिपीवर कुणाची मालकी नाही, ज्याला जमेल त्याने गाडी टाकावी. पस्तीस वर्षं हजारो हातांनी तो सुधारला, चव लावली, बाजार तयार केला. ब्रँडने हे सगळं फुकट घेतलं. त्यात गैर काही नाही, पण ओपन सोर्समध्ये निदान मूळ लेखकांची नावं ठेवायची रीत असते. इथे पुढे 'इंडियन बर्गर' ही ओळख पुढे आली आणि वडापाव हे नावसुद्धा मागे सरकलं.

हा नुसता मानापमानाचा प्रश्न नाही. फेरीवाल्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ साली झाला. त्यात सर्वेक्षण, विक्रीचं प्रमाणपत्र, नगर विक्रेता समिती, सगळं आहे. तरीही महापालिकेची गाडी आली की तेलाची कढई तशीच घेऊन पळणारा माणूस आपण सगळ्यांनी पाहिलाय. त्याला 'अतिक्रमण' म्हणणं सोपं जातं, कारण इतिहासात आपण त्याला जागाच दिलेली नाही.

तिरोड्याच्या आलुबोंड्याची चेन निघायची तर निघू दे. मी पहिल्या दिवशी रांगेत असेन. फक्त तिच्या 'आमची गोष्ट' या पानाची सुरुवात संस्थापकाच्या नावाने न होता, या गाडीपासून व्हावी.